विद्यार्थ्याचे कष्ट आणि यंत्राची दया

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे ती थोड्याच वेळांत यंत्रावर येऊन थांबते. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणारें, निबंध लिहून देणारें, गणित सोडवून तें समजावूनहि सांगणारें यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' या नांवानें सर्वांसाठीं खुलें झालें, आणि तेव्हांपासून त्याचे अनेक भाऊबंद घरोघरच्या मोबाइलमध्यें येऊन बसले आहेत. कोणी म्हणतो, आतां शाळेची गरज ती काय उरली? कोणी म्हणतो, या यंत्रानें मुलांची बुद्धि गंजून जाईल. तें घरांत शिरूं देतां कामा नये. आम्हांस हे दोन्ही पक्ष घाईचे वाटतात. यंत्र आलें आहे व तें राहणार आहे. तेव्हां त्यास दार उघडावें कीं नाहीं, हा वाद आतां फारसा उपयोगाचा नाहीं. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे, आणि तो यंत्रशास्त्राचा नसून नीतीचा आहे. शिकणाऱ्याच्या वांट्याचे कोणते कष्ट दुसऱ्यानें उचलले असतां त्याच्यावर उपकार होतो, आणि कोणते उचलले असतां त्याचा घात होतो, हा तो प्रश्न होय.

विद्येचें साधन बदललें कीं विद्या बुडाली अशी ओरड होते, ही गोष्ट नवी नाहीं. पाणिनीयशिक्षा या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत लिहिलेलें पाहून म्हणणारा हा एक आहे. ज्या परंपरेनें वेद मुखोद्गत राखण्यासाठीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसविले, तिला पोथींत डोळे घालून म्हणणारा मनुष्य आळशी वाटावा, हें स्वाभाविकच होतें. लेखन हें त्या काळचें नवें यंत्र होय. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्याच यादींत अर्थ न जाणतां म्हणणारा हाहि अधमच ठरविला आहे. म्हणजे स्मरणाचे श्रम पोथीवर टाकणारा जितका दोषी, तितकाच स्मरणाचे सारे श्रम करून अर्थाचे श्रम टाळणाराहि दोषी. आज पुस्तक पाहून वाचणाऱ्यास कोणी अधम म्हणत नाहीं. पहिला दोष काळानें पुसून टाकला. दुसरा मात्र अद्याप दोषच राहिला आहे. कांहीं श्रम साधनावर सोंपवितां येतात आणि कांहीं येत नाहींत, हा भेद त्या एका यादींतच आपणांस पाहावयास मिळतो.

यंत्रें शाळेचा कायापालट करणार, अशीं भाकितें गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत वारंवार झालीं. १९१३ सालीं थॉमस एडिसन यानें सांगितलें कीं, शाळांतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील, सारे विषय चलच्चित्रांनीं शिकवितां येतील आणि दहा वर्षांत शाळेची पद्धति पार बदलून जाईल. १९५३ सालीं बी. एफ. स्किनर हा मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गांत जाऊन बसला. आपलें उत्तर बरोबर आहे कीं चूक, हें मुलांस तत्काळ कळत नाहीं असें पाहून त्यानें शिकविणारें यंत्र तयार केलें. आपल्या देशांत १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. २००४ च्या सप्टेंबरांत केवळ शिक्षणाच्या कार्यासाठीं 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यांत आला. २००५ सालीं प्रत्येक मुलास एक स्वस्त संगणक देण्याची योजना जगापुढें मांडण्यांत आली, आणि दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशानें असे लक्षावधि संगणक मुलांच्या हातीं दिले. त्याचें फळ काय मिळालें हें तपासणारा ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. गणित व भाषा या विषयांच्या गुणांत त्यास कांहीं फरक आढळला नाहीं.

हे सारे उद्योग फुकट गेले असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या खेड्यांत वर्तमानपत्रहि पोंचत नव्हतें, तेथें उपग्रहानें जगाचें दर्शन घडविलें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या बहुतेक योजनांच्या मुळाशीं एक समजूत होती. ती अशी कीं, ज्ञान हा एक माल आहे. तो दूर कोठें तरी सांठविलेला आहे आणि मुलापर्यंत तो पोंचत नाहीं, एवढीच काय ती अडचण आहे. माल पोंचविला कीं काम झालें. आमच्या घरांतील कोणतीहि गृहिणी या समजुतींतील चूक दाखवून देईल. धान्य घरांत येणें ही एक गोष्ट आणि अन्न अंगीं लागणें ही दुसरी. कोठी भरली असतांहि मूल खंगत जातें, हें तिनें पाहिलेलें असतें.

आतांच्या यंत्राची गोष्ट मात्र याहून वेगळी आहे, व ती नीट ध्यानांत घेतली पाहिजे. पूर्वींचीं यंत्रें धान्य आणून देत होतीं. खाण्याचें काम मुलाकडेच राही. चित्रपट पाहून मुलाचा निबंध आपोआप लिहिला जात नसे. आतांचें यंत्र मुलाच्या वतीनें जेवून दाखवितें. जी उदाहरणें मुलानें सोडवावयाचीं तीं तें सोडवितें, जो उतारा त्यानें समजून घ्यावयाचा त्याचा सारांश तें देतें, आणि जें मत त्यानें बनवावयाचें तें बनवून त्याच्या हातीं ठेवतें. यांत त्याचा कांहीं दुष्ट हेतु असतो असें नाहीं. मागितलें तें देणें, एवढाच त्याचा धर्म. पण दया करणारा समंजस नसेल तर दयेनेंहि नुकसान होतें.

म्हणून कष्टांचे दोन वर्ग करावे असें आम्ही सुचवितों. विद्येच्या वाटेंत आडवे पडलेले कष्ट हा पहिला वर्ग, आणि जे कष्ट म्हणजेच विद्या तो दुसरा. पुस्तक मिळविण्यासाठीं दहा मैल चालावें लागणें, दिव्याअभावीं अभ्यास खोळंबणें, शंका विचारण्यास कोणी नसणें, हे पहिल्या वर्गांतील कष्ट. ते सोसून कांहीं थोर माणसें वर आलीं हें खरें. परंतु तीं कष्टांमुळें थोर झालीं नाहींत, कष्ट असतांनाहि झालीं, आणि जीं वर येऊं शकलीं नाहींत त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. अंध विद्यार्थ्यास पुस्तक मोठ्यानें वाचून दाखविणारें यंत्र त्याची विद्या हिरावून घेत नाहीं. तें त्यास विद्येच्या दारापर्यंत नेऊन सोडतें. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हातांतून लॉगॅरिथमचीं कोष्टकें गेलीं व गणनयंत्र आलें, म्हणून तें शास्त्र दुबळें झालें नाहीं. याउलट, सिद्धता सुचेपर्यंत आकृतीकडे पाहत बसणें, योग्य शब्द सांपडेपर्यंत वाक्य खोडीत राहणें, आपलें मत व पुरावा यांचा मेळ बसत नाहीं हें कळल्यावर मत बदलणें, हे दुसऱ्या वर्गांतील कष्ट. ते वगळले तर मागें विद्या उरतच नाहीं.

पंढरपुरास पोंचणें आणि पंढरीची वारी करणें या दोन गोष्टी आहेत. केवळ दर्शन हवें असेल त्यानें मोटारीनें जावें, आगगाडीनें जावें. त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. वाटेंत पायांस फोड आला तर मलम लावून घ्यावें, ओझें वाहण्यास गाडी असेल तर तींत ठेवावें, यासहि वारकरी कधीं नाहीं म्हणत नाहीं. पण चालण्यासाठीं भाडोत्री मनुष्य पाठवून 'माझी वारी झाली' असें कोणी म्हणूं लागला, तर त्यास काय म्हणावें? शाळा ही वारीच्या जातीची आहे. तिच्यांतून निघतांना हातीं येणारें प्रमाणपत्र हें चालल्याची खूण आहे, चालण्याचा मोबदला नव्हे.

हा भेद नुसता कल्पनेचा नाहीं. तुर्कस्तानांतील एका माध्यमिक शाळेंत २०२३ सालीं सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर एक प्रयोग करण्यांत आला व त्याचा वृत्तान्त २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं विद्यार्थ्यांस गणिताच्या सरावासाठीं उत्तर देणारें साधें यंत्र दिलें. कांहींस तेंच यंत्र, परंतु उत्तर न देतां केवळ सूचना देईल अशा बेतानें बांधलेलें. आणि कांहींस नेहमींचीं पुस्तकें व वह्या. सरावांत साध्या यंत्राच्या विद्यार्थ्यांनीं पुस्तकवाल्यांपेक्षां शेंकडा ४८ नें अधिक चांगलें काम केलें. पुढें यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां तेच विद्यार्थी शेंकडा १७ नें मागें पडले. ज्यांस सूचना देणारें यंत्र दिलें होतें, त्यांचें सरावांतील काम तर शेंकडा १२७ नें सरस ठरलें, आणि परीक्षेंत ते पुस्तकवाल्यांच्या मागें पडले नाहींत. मात्र पुढेंहि गेले नाहींत. यांतील सर्वांत बोधप्रद गोष्ट आम्हांस वाटते ती ही कीं, साध्या यंत्रावर विसंबलेल्या विद्यार्थ्यांस आपण कमी शिकलों याची जाणीवहि नव्हती. यंत्राची शक्ति ती आपली शक्ति, असें त्यांस वाटत राहिलें.

आम्ही महाविद्यालयांत शिकवितों, तेथेंहि अलीकडे एक फरक दिसूं लागला आहे. विद्यार्थ्यांचे निबंध एकाएकीं नीटनेटके झाले आहेत. पूर्वीं एकाची चूक दुसऱ्यासारखी नसे, आणि त्या चुकांवरूनच कोण कोठें अडला आहे हें आम्हांस कळे. आतां सारे निबंध एका सांच्यांतून काढल्यासारखे येतात. निबंध पुढ्यांत ठेवून 'या वाक्यांत तुम्हांस काय म्हणावयाचें आहे?' असें विचारलें म्हणजे चांगला हुशार मुलगाहि गप्प होतो. तो लबाड आहे असें आम्हांस वाटत नाहीं. निबंध ही शिक्षकास हवी असलेली वस्तु आहे, ती कशीहि मिळवून द्यावी, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक जगांत कोणासहि त्याच्या त्या निबंधाची गरज नसते. गरज असते ती निबंध लिहितांना त्याच्या मनाची जी ओढाताण होते तिची, आणि तीहि त्याची त्यालाच.

येथवर वाचून कांहीं वाचकांस वाटेल कीं, हे प्रोफेसर अखेर जुन्याच पक्षाचे. म्हणून दुसरी बाजूहि तितक्याच जोरानें मांडणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. कष्टांचें माहात्म्य कोण गात आहे, हें नेहमीं पाहावें. ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकें होतीं, ज्यांस अडलें तर सांगावयास आई, आजोबा, चुलते होते व आतां शिकवणीचे पैसे आहेत, त्यांनीं इतरांस कष्टांचा उपदेश करणें शोभत नाहीं. १८४८ सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा काढली, तेव्हां शिकूं पाहणाऱ्यांच्या वाटेंत जे कष्ट उभे होते ते विद्येचे नव्हते, माणसांनीं उभे केलेले होते. आजहि एकच शंका चौथ्यांदा विचारल्यावर वर्ग हंसेल, या भीतीनें कितीएक मुलें जन्मभर त्या शंकेसह जगतात. यंत्र हंसत नाहीं, कंटाळत नाहीं, जात विचारीत नाहीं. ही कांहीं क्षुल्लक गोष्ट नव्हे.

शिवाय आंकडे डोळ्यांआड करून चालणार नाहीं. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं निम्म्याहून कमी मुलांस दुसरीच्या इयत्तेचा उतारा वाचतां आला. वर्ग पुढें जातो, मूल मागें राहतें, आणि पुढील प्रत्येक धडा त्यास परक्या भाषेसारखा होतो. १९८४ सालीं बेंजामिन ब्लूम यांनीं असें मांडलें होतें कीं, एकास एक शिक्षक मिळाला असतां सामान्य विद्यार्थीहि नेहमींच्या वर्गांतील शेंकडा ९८ विद्यार्थ्यांच्या पुढें जातो. पुढील अभ्यासांत इतकें मोठें अंतर आढळलें नाहीं. तरी दिशा तीच होती. श्रीमंतांस हें पूर्वींपासून ठाऊक आहे, म्हणून ते घरीं शिक्षक ठेवतात. दिल्लींत शाळेनंतर चालणाऱ्या 'माइंडस्पार्क' केंद्रांत मूल कोणत्या इयत्तेंत बसतें हें न पाहतां त्यास खरोखर काय येतें हें पाहून धडे देणारें यंत्र वापरण्यांत आलें. सुमारें साडेचार महिन्यांत मुलांची गणितांत व हिंदींत लक्षणीय प्रगति झाली, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. त्या केंद्रांत यंत्राच्या जोडीला एक मदतनीस शिक्षकहि असे, हें येथें नमूद केलें पाहिजे. अशा यंत्रास, केवळ तें यंत्र आहे म्हणून, नाकारणें हा कठोरपणा होईल.

मग निर्णय कसा करावयाचा? अडचण अशी कीं, कष्टांच्या कपाळावर त्यांचा वर्ग लिहिलेला नसतो. तिसरीच्या मुलास साताचा पाढा हीच विद्या. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास तोच गुणाकार वाटेंतील खडा. अक्षर वळत नाहीं म्हणून ज्याचे विचार कागदावर उतरत नाहींत, त्यास बोललेलें लिहून घेणारें यंत्र मोठा आधार होय; पण जो केवळ कंटाळ्यानें लिहीत नाहीं, त्यास तेंच यंत्र अपाय करील. एकाच मुलास सोमवारीं मदत हवी असते आणि गुरुवारीं त्यास एकट्यास झगडूं देणें हिताचें असतें. कोणते कष्ट केव्हां उचलावे व केव्हां उचलूं नयेत, हें ओळखणें हीच शिक्षकाची खरी कला. आणि भविष्यकाळांतील शाळेंत शिक्षकाचें हेंच मुख्य काम राहील, असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, साठ मुलांच्या वर्गांत शिक्षकास जें कळत नाहीं तें यंत्रास कळेल. तें प्रत्येक मुलाची प्रत्येक चूक ध्यानांत ठेवील. तें खरेंच ठेवील, आणि त्याचा उपयोगहि होईल. तथापि दोन गोष्टींत यंत्र शिक्षकाची जागा घेऊं शकेल असें आम्हांस दिसत नाहीं. पहिली ही कीं, यंत्रास कोणाची वाट पाहतां येत नाहीं. मूल उद्यांपर्यंत कविता पाठ करून येतें तें पुष्कळदां कवितेसाठीं नव्हे, तर कोणी तरी उद्यां विचारणार आहे म्हणून. त्या मनुष्याची निराशा होऊं शकते, म्हणूनच त्याच्या शाबासकीस किंमत असते. ज्यास कधींच वाईट वाटत नाहीं, त्याच्या 'उत्तम' या शब्दाचें मोल मूल लवकरच ओळखतें. दुसरी गोष्ट हेतूची. गुरूनें शिष्याकडून पराजय इच्छावा, असें आमच्याकडे जुनें वचन आहे. शिष्यास आपली गरज उरूं नये, यांत गुरूचें यश असतें. यंत्र विकणाऱ्याचा लाभ मात्र गिऱ्हाइकानें पुनःपुन्हां परत येण्यांत असतो. हा त्याचा दोष नव्हे, तो व्यापाराचा स्वभाव आहे. पण मुलाचें मन त्या स्वभावाच्या स्वाधीन करतांना समाजानें डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

आमच्या मतें पुढील काळांतील खरें संकट यंत्र हुशार होण्यांत नाहीं. संकट हें आहे कीं, थोड्यांच्या मुलांस माणूस शिकवील आणि पुष्कळांच्या मुलांस यंत्र. २०२० सालीं महामारीमुळें जगांतील दीडशें कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद झाल्या, तेव्हां याची चुणूक दिसली. ज्या घरांत प्रत्येकास वेगळी खोली व वेगळें यंत्र, त्या घरचें मूल कसेंबसें तरून गेलें. ज्या घरांत एकच मोबाइल आणि तोहि बापाबरोबर कामावर जाणारा, तेथील मुलाची शाळा नुसती बंद झाली. उद्यां पैशांची तंगी पडली कीं 'यंत्र आहे ना' असें म्हणून खेड्यांतील शिक्षकाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह राज्यकर्त्यांस पडेल, आणि तो निर्णय सुधारणेच्या नांवाखालीं खपूनहि जाईल. यंत्र शिक्षकाच्या जोडीला द्यावें, शिक्षकाच्या ऐवजीं देऊं नये, ही एवढी अट लोकांनीं आग्रहानें धरली पाहिजे.

ती अट पाळल्यास शाळेचें रूप पालटेल, आणि तें पालटावेंहि. धडा समजावून सांगणें हें काम मुलें घरीं यंत्राकडून करून घेतील. लिहिणें, सोडविणें, वाद घालणें या गोष्टी, ज्या आजवर घरीं करावयास दिल्या जात, त्या वर्गांत शिक्षकाच्या नजरेसमोर होतील. जुनी तोंडी परीक्षा पुन्हां मानानें परत येईल, कारण समोर बसून उत्तर देणाऱ्याच्या वतीनें कोणासहि बोलतां येत नाहीं. यासाठीं शिक्षकास वेळ हवा. आणि तो वेळ त्यास यंत्रानेंच मिळवून द्यावा. हजेऱ्या, तक्ते, नोंदी, वारंवार मागविली जाणारी माहिती, हे सारे शिक्षकाच्या वाटेंत आडवे पडलेले कष्ट होत. यंत्राची दया प्रथम तेथें खर्च व्हावी.

राहतां राहिलें घर. मुलाच्या हातांतून मोबाइल हिसकावून घेतल्यानें फारसें साधणार नाहीं, आणि तो देऊन निश्चिंत झाल्यानें तर मुळींच नाहीं. सायंकाळीं मूल घरीं आल्यावर 'किती गुण मिळाले?' असें आम्ही विचारतों. या प्रश्नास यंत्राजवळ उत्तम उत्तर आहे, कारण गुण त्यास मिळवून देतां येतात. त्याऐवजीं 'आज कोठें अडलास आणि मग काय केलेंस?' असें विचारून पाहावें. या प्रश्नाचें उत्तर मुलास स्वतःच द्यावें लागतें, आणि ऐकणाऱ्यासहि थोडा वेळ जवळ बसावें लागतें. मुलांच्या शिक्षणांत आईबापांच्या वांट्यास आलेले कष्ट ते हेच, आणि ते दुसऱ्या वर्गांतील आहेत.